आपलें काम आपणच सांगावें काय?

आमच्या शाळेच्या दारांतून आंत शिरतांच उजव्या हातास एक काळा फलक लागतो. त्यावर रोज सकाळीं एक सुविचार लिहिलेला असतो. कांहीं वर्षांपूर्वीं तो लिहिण्याचें काम वरच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याकडे होतें. त्याचें अक्षर असें सुरेख कीं, प्रार्थनेची घंटा झाली तरी मुलें त्या फलकापुढें क्षणभर रेंगाळत, आणि मुलांस पोंचवावयास आलेले पालकहि जातां जातां मान वळवून पाहत. साधन म्हणाल तर साधा खडू. परंतु काना कोठें निमुळता व्हावा, वेलांटी कोठें भरीव करावी, दोन शब्दांमध्यें किती जागा मोकळी सोडावी, हें त्याच्या बोटांना जणूं उपजतच ठाऊक होतें. फलकाच्या खालच्या कोपऱ्यांत पुष्कळ जागा उरत असे. तेथें त्यानें आपलें नांव मात्र एकदांहि घातलें नाहीं.

त्याच सुमारास शाळेसमोरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानदारानें आपल्या दुकानाची डागडुजी केली. छापील फलक सगळ्यांच्याच दुकानांवर असतात, आपली पाटी लाकडाची आणि हातानें रंगविलेली असावी, अशी त्याला हौस. तो गांवाच्या दुसऱ्या टोंकास गेला, तेथील एका रंगाऱ्यास चांगले पैसे मोजून त्यानें पाटी करून आणली आणि थाटानें दारावर चढविली. पाटीवर ‘शालेय साहीत्य’ असें दुसरी वेलांटी देऊन लिहिलेलें होतें. आमचा तो विद्यार्थी रस्त्याच्या अलीकडे उभा राहून त्या पाटीकडे बराच वेळ पाहत होता. मीं त्याला विचारलें, “अरे, पाटी करावयाची आहे हें तुला ठाऊक नव्हतें काय?”

“ठाऊक होतें, सर.”

“मग तूं त्यांना विचारलें कां नाहींस?”

तो खालीं पाहूं लागला. म्हणाला, “आपण होऊन कसें सांगावें, सर? तें बरें दिसत नाहीं.”

पुढें कांहीं दिवसांनीं त्याची आई शाळेंत आली तेव्हां कळलें कीं, शालान्त परीक्षेनंतरच्या अभ्यासक्रमाची प्रवेश-फी भरण्यासाठीं त्या वेळीं त्या घरांत रुपयाला रुपया जोडणें चाललें होतें. दुकानदाराजवळ मीं ही गोष्ट काढली, तर तो कपाळावर हात मारून म्हणाला, “अहो, तो फलक मी रोज पाहतों कीं! मला वाटलें, तुमच्या चित्रकलेच्या मास्तरांचें अक्षर असेल. पोरगा एक शब्द बोलता तर!”

त्या एका न बोललेल्या शब्दापायीं मुलाचें काम गेलें, दुकानदाराची पाटी बिघडली, आणि शाळेंत येणाऱ्या शेंकडों मुलांच्या डोळ्यांपुढें रोज एक अशुद्ध शब्द लटकत राहिला. लाभ झाला तो गांवाच्या दुसऱ्या टोंकाच्या रंगाऱ्याचा. आणि त्यांत त्याचा दोष कांहींच नाहीं, कारण त्यानें आपल्या दुकानावर आपलें नांव लिहून ठेविलें होतें.

हा प्रसंग मला अजून टोंचतो. त्याचें कारण असें कीं, ‘तें बरें दिसत नाहीं’ हें वाक्य त्या मुलाला शिकविणाऱ्यांपैकीं मीहि एक आहें. विनयाचें महत्त्व या विषयावर मींच त्याच्याकडून निबंध लिहून घेतले होते, आणि त्याला चांगले गुणहि दिले होते. त्या शिकवणींत एक गोष्ट सांगावयाची राहून गेली. ती आज या वार्षिकाच्या पानांतून सांगावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आत्मस्तुति निंद्य आहे, याबद्दल वाद नाहीं. समर्थ रामदासांनीं दासबोधांत मूर्खांचीं जीं लक्षणें दिलीं आहेत, त्यांत आपली स्तुति आपण करणारा आहे, आणि त्याच्याच शेजारीं वडिलांची कीर्ति सांगत फिरणाराहि आहे. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण तर लहान मुलांच्याहि तोंडीं असते. परंतु ज्या लोकांनीं ही म्हण केली, त्यांनींच दुसरीहि एक करून ठेविली आहे: बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूहि विकत नाहींत. एकाच समाजानें या दोन्ही म्हणी संभाळून ठेवाव्यात, हें प्रथमदर्शनीं विसंगत वाटतें. पण विचार केल्यास दोन्ही खऱ्या आहेत. पहिली पाण्याच्या खोलीविषयीं सांगते, दुसरी पोत्याच्या बांधलेल्या तोंडाविषयीं. गहू कितीहि चांगला असला, तरी पोत्याचें तोंड बांधलेलें असेल तर तो गिऱ्हाइकाला दिसावा कसा? पोतें उघडून मूठभर गहू समोर धरणें आणि ‘असा गहू त्रिभुवनांत नाहीं’ अशी आरोळी ठोकणें, या दोन क्रिया एक नव्हेत. आपण त्या एकच समजतों, आणि आरोळीच्या भीतीनें पोतेंहि उघडीत नाहीं.

आपल्या कामाविषयीं आपण बोलूं नये, ही समजूत आपल्यांत इतकी खोल कां रुजली असावी? माझ्या मतें तिचें एक मूळ जुन्या गांवगाड्यांत आहे. गांवांत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट इत्यादि बारा बलुतेदार असत. कोणीं कोणाचें काम करावयाचें हें पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलें, आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्याच्या रूपानें त्याचें बलुतें ठरलेलें. या व्यवस्थेंत माणसाचें काम त्याच्या जन्मानेंच ठरत असे, आणि त्यामुळें अनेकांवर मोठा अन्याय झाला, हें विसरतां येत नाहीं. पण आपल्या विषयापुरतें पाहावयाचें तर, त्या सुताराला ‘मी सुतारकाम करितों’ असें कोणास सांगण्याची गरजच नव्हती. कोणता नांगर कोणाच्या हातचा, कोणाची मोट कोणीं सांधली, हें साऱ्या गांवाला ठाऊक असे. अशा ठिकाणीं कोणी आपल्या कौशल्याचा डांगोरा पिटूं लागला असता, तर लोक हंसले असते, आणि तें हंसणें योग्यच ठरलें असतें.

तें गांव आतां राहिलें नाहीं. जन्मानें ठरलेलें काम गेलें, हें फार चांगलें झालें. पण त्याबरोबर जन्मापासूनची ओळखहि गेली. आज शहरांत एकाच इमारतींत राहणाऱ्या माणसांना एकमेकांचे व्यवसाय ठाऊक नसतात. वरच्या मजल्यावरची बाई उत्तम शिवणकाम करिते आणि खालच्या मजल्यावरची बाई झंपर शिवून घेण्यासाठीं दोन बसगाड्या बदलून जाते. ओळखीच्या गांवांत जो विनय शोभत होता, तोच अनोळखी शहरांत दोघांचीहि गैरसोय करितो.

पण जुन्या गांवांतहि एक वर्ग असा होता कीं, ज्याला स्वतःची ओळख स्वतःच करून द्यावी लागे. तो फिरस्त्यांचा. कल्हईवाल्याची आठवण आजच्या विद्यार्थ्यांपैकीं फारच थोड्यांना असेल, कारण पितळेचीं भांडीं घरांतून बहुतेक गेलीं; पण तुमच्या आजीला विचारा. गल्लीच्या तोंडाशीं त्याची हांक ऐकूं येई. मग तो मोकळ्या जागीं लहानसा खळगा करून त्यांत कोळसे पेटवी, भाता लावी, आणि कोणाचें तरी एक काळवंडलेलें पातेलें तापवावयास घेई. तापलेल्या पातेल्यांत नवसागराची पूड पडतांच पांढरा धूर उठे. कथिलाची कांडी टेंकवून कापसाचा बोळा आंतून झरझर फिरविला कीं, पाहतां पाहतां पातेलें रुप्यासारखें लखलखूं लागे. तेवढ्यांत शेजारच्या चार घरांतलीं भांडीं ओट्यावर येऊन पडलेलीं असत. आपण किती कुशल आहों याचें व्याख्यान तो देत नसे. त्याची हांक एवढेंच सांगे कीं, मी आलों आहें. पुढचें सारें तें पहिलें पातेलें सांगे.

स्वतंत्रपणें काम करणाऱ्या माणसाला हांक आणि पातेलें या दोन्ही गोष्टी लागतात. नुसती हांक देणारे जगांत पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यामुळेंच सांगण्याची सारी रीत बदनाम झाली आहे. आमच्या विद्यार्थ्याजवळ पातेलें होतें, चांगलें लखलखीत. त्याला हांक देतां आली नाहीं.

येथें कोणी म्हणेल, चांगलें काम स्वतःच बोलतें. हातच्या कांकणाला आरसा कशाला? या म्हणण्यांत तथ्य आहे, पण तें अर्धें आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांचें उदाहरण घ्या. त्यांचा जन्म 1839 सालचा. घरच्या गरिबीमुळें लहान वयांतच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामास लागले. तेथून शिकत शिकत त्यांनीं स्वतःचा अक्षरांचे खिळे ओतण्याचा कारखाना काढला, आणि 1869 मध्यें निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्या देवनागरी खिळ्यांचें वळण आणि त्यांच्या संस्कृत ग्रंथांची शुद्धता यांची कीर्ति देशभर झाली. त्यांचें काम स्वतः बोललें, हें अगदीं खरें. पण कसें बोललें? प्रत्येक पुस्तकावर छापखान्याचें नांव आणि ठिकाण छापलेलें होतें. काशीच्या एखाद्या पंडितानें पुस्तक उघडलें, अक्षर पाहून तो प्रसन्न झाला, तर हें कोणाचें काम हें त्याला त्याच पुस्तकांत सांपडत असे.

आणि येथें एक लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. मुद्रकाचें नांव व छपाईचें ठिकाण पुस्तकावर घालणें ही केवळ मुद्रकाची हौस नव्हती. 1867 च्या कायद्यानें तें बंधनकारक केलें होतें. आणि तें मुद्रकाला मोठेपणा मिळावा म्हणून नव्हे, तर छापलेल्या मजकुराबद्दल जाब कोणास विचारावयाचा हें कळावें म्हणून. म्हणजे कामावर आपलें नांव घालणें ही बढाई नसून एक प्रकारची जबाबदारी आहे. ‘हें मीं केलें’ या वाक्यांत ‘हें चुकलें असेल तर मला सांगा’ हें वाक्य दडलेलें असतें. त्या ‘साहीत्य’ लिहिलेल्या पाटीवर रंगाऱ्याचें नांव नव्हतें, हें मला मागाहून सुचलें. आणि मग असेंहि वाटलें कीं, आमच्या विद्यार्थ्यानें फलकाखालीं नांव न घालण्यांत विनय होता खरा, पण थोडी भीतीहि असावी. नांव घातलें कीं चूक आपली ठरते. न घातलें कीं ती कोणाचीच नसते. ज्याला आपण विनय म्हणतों, त्यांत अशी भीति किती मिसळलेली असते, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं तपासून पाहावें.

आतां सांगावयाचें तें कसें सांगावें, या प्रश्नाकडे वळूं. त्यासाठीं परदेशांतील दोन उदाहरणें देतों.

पहिलें मायकेल फॅरडे याचें. विजेच्या शास्त्रांतील त्याचें कार्य विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. हा लंडनमधील एका लोहाराचा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी करीत होता. शास्त्राच्या सेवेंत कोणतें तरी काम मिळावें म्हणून त्यानें रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलें. त्याला उत्तर आलें नाहीं. 1812 मध्यें त्याला सर हंफ्रे डेव्ही यांचीं चार व्याख्यानें ऐकण्याची संधि मिळाली. त्यानें तीं व्याख्यानें टिपून घेतलीं, घरीं तीं विस्तारानें लिहून काढलीं, त्यांत आकृत्या काढल्या, पानें स्वतःच्या हातानें बांधलीं, आणि तें पुस्तक डेव्ही यांच्याकडे पाठवून दिलें. या वेळीं उत्तर आलें, भेट झाली, आणि मार्च 1813 मध्यें त्याला त्यांच्या प्रयोगशाळेंत मदतनिसाची जागा मिळाली. फॅरडेला नोकरी हवी होती, आणि आपण बोलतों आहों तें स्वतंत्रपणें काम मिळविण्याविषयीं. पण शिकावयाचें तें दोहोंकडे सारखेंच आहे. पहिल्या पत्रांत विनंती होती, दुसऱ्या वेळीं पुस्तक होतें. त्या पुस्तकानें न सांगतां सांगितलें कीं, या मुलाला ऐकलेलें समजतें, समजलेलें मांडतां येतें, आणि घेतलेलें काम तो शेवटास नेतो. ‘मी कष्टाळू आहें’ असें लिहिलें असतें, तर त्याची परीक्षा डेव्ही यांना करतां आली नसती.

दुसरें उदाहरण लिओनार्दो द विंची याचें. सुमारें 1482 साली, तिशीच्या घरांत असतांना, त्यानें मिलान शहराचा सत्ताधीश लुदोव्हिको स्फोर्झा याला उद्देशून एक पत्र तयार केलें. त्याचा मसुदा आजहि मिलानमध्यें जपून ठेवलेला आहे. त्यांत आपल्याला काय काय येतें, याचीं क्रमवार दहा कलमें आहेत. आणि गंमत अशी कीं, जो पुढें जगांतील थोर चित्रकारांत गणला गेला, त्यानें चित्रकलेचा उल्लेख केला आहे तो अगदीं शेवटीं. आधीं काय? हलके आणि सहज नेतां येणारे पूल, खंदकांतलें पाणी काढून टाकण्याच्या युक्त्या, तोफा, भुयारें, झांकलेले रथ. कारण इटलीचीं तीं संस्थानें सदा लढाईच्या तयारींत असत, आणि त्या सत्ताधीशाची पहिली गरज ती होती. पत्राच्या अखेरीस, यांतील कोणतीहि गोष्ट अशक्य वाटत असेल तर आपण म्हणाल तेथें ती करून दाखवितों, अशीहि तयारी त्यानें दर्शविली. आपल्याला काय आवडतें यापेक्षां समोरच्याला काय हवें आहे तें आधीं बोलावें, हा धडा या पत्रापासून घेण्याजोगा आहे.

पण याच पत्रापासून दुसराहि धडा मिळतो. त्या दहा कलमांतील बहुतेक यंत्रें त्यानें तोंवर प्रत्यक्ष करून पाहिलीं होतीं, याला पुरावा नाहीं. त्यांत त्यानें सत्ताधीशाच्या वडिलांच्या स्मरणार्थ ब्राँझचा एक घोडा करण्याचें सुचविलें होतें. तें काम त्याला मिळालें. पुष्कळ वर्षांनीं, 1493 मध्यें, त्याची प्रचंड मातीची प्रतिकृति तयार झाली. पण 1494 मध्यें ओतकामासाठीं जमविलेली धातु तोफांकडे गेली, घोडा कधींच ओतला गेला नाहीं, आणि 1499 मध्यें फ्रेंच सैन्यानें शहर घेतल्यावर ती मातीची प्रतिकृतिहि नाहींशी झाली. यांत सारा दोष त्या कलावंताचा नव्हता. तरी एवढें खरें कीं, शब्द देणें हें कर्ज काढण्यासारखें आहे. लिओनार्दोचें असें कर्ज जगानें माफ केलें, कारण तो लिओनार्दो होता. तुमचें आमचें कोणी माफ करणार नाहीं.

या सर्वांवरून मला तीन कसोट्या सुचतात. आपल्या कामाविषयीं बोलतांना आपण आत्मस्तुति करीत आहों कीं केवळ माहिती देत आहों, अशी शंका आली तर त्या लावून पाहाव्यात.

पहिली कसोटी: मी जें सांगतों तें ऐकणाऱ्याला स्वतः तपासून पाहतां येईल काय? ‘मी उत्कृष्ट भाषांतर करितों’ हें तपासतां येत नाहीं. ‘हें मूळ पान, हें माझें भाषांतर, आणि याला मला दोन दिवस लागले’ हें तपासतां येतें. ज्या वाक्यांतून विशेषणें काढून टाकलीं तरी कांहीं शिल्लक उरतें, तें वाक्य सांगावें. उरत नसेल तर सांगूं नये.

दुसरी कसोटी: मी जें सांगतों त्याचा ऐकणाऱ्याच्या गरजेशीं कांहीं संबंध आहे काय? लग्नाची घाई असलेल्या वधूपित्याला तबलजीनें आपल्या घराण्याचा इतिहास सांगूं नये. कोणत्या तारखेस येतां येईल, बरोबर कोण असेल, आणि किती वेळ वाजवूं, हें सांगावें. घराण्याचा इतिहास ज्याला ऐकावासा वाटेल तो मागाहून विचारील.

तिसरी कसोटी: मी जें सांगतों तें मला उद्यां निभावतां येईल काय? येत नसलेलें येतें म्हणून सांगणें ही लबाडी होय, हें उघड आहे. पण येत असलेलेंहि नको त्या मुदतींत करून देण्याचें कबूल करणें हीहि लबाडीच, फक्त ती आपण आधीं स्वतःशीं करितों.

या तीन कसोट्यांना उतरणारें बोलणें मोठ्यानें केलें तरी तें खळखळाट होत नाहीं. आणि न उतरणारें बोलणें कितीहि नम्र शब्दांत केलें तरी तें आत्मस्तुतिच राहतें.

आजच्या काळीं सांगण्याचीं साधनें फार सोपीं झालीं आहेत. प्रत्येकाच्या खिशांतल्या दूरध्वनीवर छायाचित्र घेतां येतें, आणि तें क्षणांत दूरदेशींच्या माणसाला पाठवितां येतें. सोलापूरच्या मुलीनें शिवलेल्या कपड्याचा नमुना पुण्याची गिऱ्हाईक बसल्या जागीं पाहूं शकते. हें फार चांगलें आहे. पण साधन सोपें झालें म्हणून कसोटी सोपी होत नाहीं. दुसऱ्याचें चित्र आपलें म्हणून दाखविणें आज दोन बोटांचें काम आहे. खोटी वाहवा मिळविणेंहि कठीण नाहीं. म्हणून आपल्या हातचे चारच नमुने दाखवा, पण ते आपलेच असूं द्या. आणि ज्याच्यासाठीं काम केलें त्याची परवानगी घेतल्यावांचून त्याच्या घरची वस्तु किंवा त्याच्या मुलांचीं छायाचित्रें चवाठ्यावर मांडूं नका. शाळेंत शिकणाऱ्या मुलांनीं तर अनोळखी माणसाशीं कामाचा व्यवहार पालकांच्या नजरेआड कधींहि करूं नये.

मोबदल्याविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण संकोची माणूस सर्वांत अधिक अडखळतो तो येथें. ‘आतां फुकट करून दे, त्यानें तुझें नांव होईल’ असें सांगणारे लोक प्रत्येक होतकरू कारागिराला भेटतात. कल्हईवाला पहिलें पातेलें फुकट करून देत नसे; तोहि कोळसा जाळीत होता आणि कथील विकत आणीत होता. शाळेसाठीं, शेजाऱ्याच्या अडचणीसाठीं, एखाद्या चांगल्या कार्यासाठीं विनामोबदला अवश्य करावें, आणि तें आनंदानें करावें. पण तें दान आहे हें दोघांनाहि ठाऊक असावें. काम घेण्यापूर्वीं किती पैसे, केव्हां, आणि कितीदां दुरुस्ती करून द्यावयाची, हें चार ओळींत लिहून घ्यावें. हा अविश्वास नव्हे. यानें मैत्री टिकते.

आतां पालकांना एक विनंती. आपल्या मुलानें कायमची नोकरी करावी, महिन्याच्या अखेरीस ठरलेला पगार घरीं आणावा, ही आपली इच्छा मला परकी नाहीं. मीहि नोकरीवरच पोट भरणारा माणूस आहें. स्वतंत्र व्यवसायांत भरती असते तशी ओहोटीहि असते, आणि आजारपणाच्या दिवसाचे पैसे कोणी देत नाहीं. तेव्हां मुलाला त्या वाटेस लावतांना चार महिन्यांची शिल्लक गांठीं असावी, हें तुमचें म्हणणें रास्त आहे. पण नोकरीसाठींहि आज मुलाखतीच्या खोलींत जाऊन ‘मला हें येतें, आणि हें मीं केलेलें काम’ असें सांगावेंच लागतें. तेथें तोंड उघडावयास जो शिकला नाहीं, तो दोन्ही वाटांवर मागें राहील. यास्तव घरीं पाहुणे आले असतां ‘आमच्या बाळूला कांहीं येत नाहीं हो’ असें कौतुकानें म्हणण्याची जी आपली रीत आहे, ती सोडून द्यावी. तसेंच ‘आमचा बाळू म्हणजे काय विचारतां!’ हीहि सोडावी. बाळूनें केलेली वस्तु पाहुण्यांपुढें ठेवावी, आणि ती कशी केली हें बाळूलाच सांगूं द्यावें. त्याहून अधिक कांहीं लागत नाहीं.

मुलींच्या बाबतींत तर हें विशेष लक्षांत ठेवावें. शिवण, विणकाम, रांगोळी, मेंदी, स्वयंपाक, लेखन, संगणकावरचीं कामें, यांत आपल्या मुली कमी नाहींत. पण गप्प बसण्याचें शिक्षण त्यांना मुलांच्या दुप्पट मिळालेलें असतें. त्यांच्या हातच्या कामाला ‘घरचेंच आहे’ असें म्हणण्याची आपल्याला इतकी संवय झाली आहे कीं, त्याला किंमत असते हेंच आपण विसरून जातों.

त्या विद्यार्थ्याचें पुढें काय झालें, हें सांगून हा लेख संपवितों. त्या पाटीच्या प्रसंगानंतर मीं त्याला एवढेंच सांगितलें कीं, उद्यांपासून सुविचाराच्या खालीं लहान अक्षरांत आपलें नांव घालीत जा. पहिल्या दिवशीं त्याचा हात त्या कोपऱ्याशीं कांपला. त्याच आठवड्यांत त्याचा एक शब्द चुकला, आणि खालच्या वर्गांतील एका चिमुरड्या मुलीनें त्याच्या वर्गांत जाऊन त्याला ती चूक दाखविली, कारण आतां कोणाकडे जावयाचें हें तिला ठाऊक होतें. त्यानें चूक सुधारली आणि तिचे आभार मानले. नंतर त्यानें एका जाड कागदावर तीन वळणांत अक्षरांचा नमुना तयार केला आणि तो घेऊन बाजारपेठेंत गेला. पहिल्या दुकानदारानें ‘आम्ही छापून घेतों’ म्हणून वाटेस लाविलें. दुसऱ्यानें ‘मग पाहूं’ म्हटलें. तिसरा फळविक्रेता होता. त्यानें भावाची पाटी करून घेतली. महिन्याभरानें शाळेसमोरच्या दुकानदारानेंहि आपली पाटी नव्यानें रंगविण्यास त्याला बोलाविलें. या सर्व पैशांत त्याची फी पुरती भागली नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. उरलेली रक्कम त्याच्या आईनेंच उभी केली. पण जी रक्कम भागली ती त्याच्या स्वतःच्या बोटांची होती, आणि ती मागतांना त्यानें कोणापुढें हात पसरला नव्हता. हातांतला नमुना पुढें केला होता.

दुकानावरची ती पाटी तुम्हीं रोज पाहतां. ‘साहित्य’ आतां पहिल्या वेलांटीनें लिहिलेलें आहे, आणि उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यांत, नीट पाहिल्यावांचून दिसणार नाहीं अशा बेतानें, ती लिहिणाऱ्याचें नांव आहे.